फ्रेटलेस बेस बनवून घेताना

फ्रेटलेस बेस, म्हणजे दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) नसलेला बेस गिटार, बनवून घ्यायचा म्हटलं की बहुतेकांचं बोलणं लाकडापासून सुरू होतं. बॉडी महोगनीची की अ‍ॅशची, वरचा थर कुठल्या नक्षीचा, पॉलिश चकचकीत की मॅट. पण या वाद्याचा जीव बोटाखालच्या पट्टीत, म्हणजे फिंगरबोर्डमध्ये आहे. फ्रेटच्या बेसमध्ये तार धातूवर टेकते आणि सूर तिथेच ठरून जातो. फ्रेटलेसमध्ये तार थेट लाकडावर टेकते. सुराची नेमकी जागा, त्याची लांबण, फ्रेटलेसची ओळख असलेला तो ‘म्वाऽ’ असा उमलत जाणारा आवाज, हे सगळं पट्टीच्या सपाटीवर आणि तारांच्या उंचीवर ठरतं. म्हणून पैसे, वेळ आणि प्रश्न यांचा मोठा वाटा फिंगरबोर्डला द्या. पुढे जे लिहिलंय, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीच्या भोवतीच आहे.

आधी थोडे दिवस फ्रेटलेसबरोबर काढा

कारखान्यात बनलेला फ्रेटलेस बेस अ‍ॅम्पेग कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणला आणि फेंडरने १९७० मध्ये. एवढी वर्षं झाली तरी आपल्याकडच्या दुकानांत तो क्वचितच टांगलेला दिसतो. पाच तारांचा त्याहून क्वचित आणि डावखुऱ्यासाठी तर विचारायलाच नको. त्यामुळे कारागिराकडून बनवून घेण्याचा विचार साहजिक आहे. मात्र फ्रेटलेस कधीच वाजवला नसेल, तर थेट ऑर्डर देऊ नका.

एखादा स्वस्तातला जुना बेस घ्या, चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून त्याचे फ्रेट काढून घ्या, खाचांत लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवून पट्टी सपाट घासून घ्या. त्यावर रोज वाजवा. काही महिन्यांत तुमच्या हाताच्या तक्रारी तुम्हालाच कळायला लागतात: नेक (दांडी) जाड वाटतो, वरच्या सुरांपर्यंत हात पोचत नाही, जी तारेचा (सर्वांत बारीक तारेचा) आवाज पातळ येतो, उभं राहिलं की बेस डोक्याकडे झुकतो. या तक्रारी लिहून ठेवा. कारागिराला सर्वांत उपयोगी पडणारी माहिती हीच असते.

एक पानभर लिहून काढा

कारागिराला फोन करण्याआधी एका पानावर चार गोष्टी लिहा: काय वाजवता, कुठे वाजवता, कुणाबरोबर वाजवता आणि कुठला आवाज कानात आहे. आवाजासाठी दोन-तीन ध्वनिमुद्रणं निवडा आणि त्यातला नेमका कुठला भाग ते मिनिट-सेकंदासह लिहा. ‘उबदार पण स्पष्ट’ हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाईक बोलतं, त्यातून कारागिराच्या हाती काही लागत नाही.

अभंग, नाट्यपद, भावगीत, गझल यांना साथ करणाऱ्यांनी गायकाच्या पट्टीचा विचार याच टप्प्यावर करावा. तारा चार की पाच, हा प्रश्न इथेच सुटतो. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ई, म्हणजे पेटीची पांढरी तीन. गायिका काळी चार किंवा काळी पाचमध्ये गात असेल तर तिचा खालचा षड्ज ई तारेवर आरामात मिळतो. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर मात्र ए तारेवरच्या चौथ्या जागेचा (जिथे चौथा फ्रेट असता तिथला) षड्ज हाच सर्वांत खालचा, त्याच्या खालचा षड्ज वाद्यात नाहीच. काळी दोनमध्ये तो अवघ्या एका अर्ध्या स्वराने हुकतो. पाचवी तार बी असेल, म्हणजे पांढरी सात, तर काळी एकचा तो खालचा षड्ज तिच्या दुसऱ्या जागेवर येतो. सुमारे ३५ हर्ट्झचा हा सूर तबल्याच्या डग्ग्याखाली जमिनीसारखा पसरतो. साथीचं काम जास्त असेल तर पाच तारा घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. जॅझ किंवा फंक हेच मुख्य असेल तर चार तारा पुरेशा आहेत, नेकही सडपातळ राहतो.

कारागीर निवडताना

हाताने गिटार बनवणारा प्रत्येक जण चांगला फ्रेटलेस बनवेलच असं नाही. फ्रेटच्या वाद्यात लाकडाचा बारीक उंचसखलपणा फ्रेट घासून झाकता येतो. फ्रेटलेसमध्ये झाकायला काहीच नसतं. म्हणून पहिला प्रश्न हाच: ‘तुम्ही बनवलेला एखादा फ्रेटलेस मला वाजवायला मिळेल का?’ तो दुसऱ्या गावी कुणाकडे असेल तर त्या वादकाशी बोला. आवाज कसा आहे हे तर विचाराच, पण वर्ष-दोन वर्षांनी नेक कसा आहे, तक्रार घेऊन गेल्यावर कारागीर कसा वागला, हे नक्की विचारा.

शक्य असेल तर कार्यशाळा बघून या. भिंतीवर आर्द्रता मोजायचं यंत्र आहे का? लाकूड किती वर्षं मुरलेलं आहे, हे तो न अडखळता सांगतो का? चांगला कारागीर तुमच्या पानावर उलट प्रश्न विचारतो आणि एखाद्या गोष्टीला ‘हे करू नका’ म्हणतो. तुम्ही म्हणाल त्याला मान डोलवणाऱ्यापेक्षा असा माणूस निवडा.

परदेशी कारागिराकडून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि कर धरूनच हिशेब करा, आणि दुरुस्तीसाठी वाद्य परत पाठवण्याचा खर्च काय येईल हेही बघून ठेवा. शिसवीच्या बाबतीत एक कायदा माहीत असू द्या. शिसवाच्या जवळजवळ सगळ्या जाती २०१७ पासून ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन शिसवीला मात्र ही सूट नाही, तिच्या नादी लागू नका. आवाजासाठी तिची गरजही नाही.

मापं

सामान्य स्केल ३४ इंच, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तार टेकते तो भाग) तारेची वाजणारी लांबी सुमारे ८६४ मिलिमीटर. यात मोकळ्या तारेपासून पहिल्या अर्ध्या स्वराचं अंतर साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर येतं. ३० इंची स्केलमध्ये तेच अंतर सुमारे त्रेचाळीस. फ्रेटच्या बेसवर बोट थोडं मागे राहिलं तरी सूर लागतो, फ्रेटलेसवर नाही. त्यामुळे हात लहान असेल तर आखूड स्केलचा विचार मोकळ्या मनाने करा. पाच तारांसाठी काही कारागीर ३५ इंच सुचवतात, कारण बी तार तशी जास्त ताणलेली आणि स्पष्ट राहते. ३४ इंचांतही चांगली बी तार मिळते. नेक ताठ हवा आणि तार योग्य जाडीची.

नटजवळची रुंदी चार तारांना ३८ ते ४२ मिलिमीटर, पाच तारांना ४५ ते ४७. ब्रिजजवळ दोन तारांमधलं अंतर १९ मिलिमीटर हे रुळलेलं माप आहे. पाच तारांवर १७ किंवा १८ घेतलं तर डाव्या हाताचे कष्ट वाचतात. तुम्हाला आवडलेला एखादा नेक असेल तर पहिल्या, सातव्या आणि बाराव्या जागेची जाडी व्हर्नियरने मोजून लिहून द्या.

फिंगरबोर्ड

*लाकूड.* इथे कडकपणा हवा. एबनी सर्वांत कडक आणि स्पष्ट बोलणारी. आपली शिसवी थोडी मऊ, आवाजाने गोलसर, आणि चांगली मुरलेली मिळाली तर उत्तम. पाऊ फेरो या दोन्हींच्या मधली. मेपल घ्यायचं तर वर कडक थर द्यावाच लागतो.

थराचा प्रश्न तारांशी बांधलेला आहे. राउंडवाउंड तारा (वर गोल तार गुंडाळलेल्या) करवतीसारख्या असतात. मींड घेताना आणि बोट हलवताना त्या लाकडावर चरे पाडतात. प्रसिद्ध बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या फेंडर जॅझ बेसची फ्रेट काढलेली पट्टी बोटींसाठी वापरतात त्या इपॉक्सीने मढवलेली होती, आणि तारा राउंडवाउंड. तो झगझगीत, गाणारा आवाज हवा असेल तर इपॉक्सीचा थर मागा. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) किंवा नायलॉनच्या टेपवाउंड तारा लावणार असाल तर उघडी एबनी किंवा शिसवी पुरते, आणि बोटाला लाकडाचा स्पर्शही मिळतो. थर दिलेली पट्टी पुढे सपाट करायची झाली तर काम वाढतं, हे धरून चला.

*जाडी.* पट्टी नेहमीच्या सहा मिलिमीटरऐवजी सात-आठ मिलिमीटरची मागा. दर काही वर्षांनी ती थोडी घासून पुन्हा सपाट करावी लागते. वाद्य आयुष्यभरासाठी बनवून घेताय, तर घासायला लाकूड शिल्लक असू दे.

*गोलाई.* पट्टीच्या आडव्या गोलाईची त्रिज्या इंचांत सांगतात. १२ इंचांपेक्षा चपटी, म्हणजे १६ ते २० इंच घेतली तर तारा खाली आणता येतात आणि आडवी मींड सहज निघते.

*रेघा.* फ्रेटच्या जागी पातळ रेघा असाव्यात का, यावर वादक हिरिरीने भांडतात. रेघा म्हणजे कमीपणा, ही समजूत सोडून द्या. काळोख्या रंगमंचावर, मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसताना रेघ सोबत करते. मात्र रेघ सूर सांगत नाही, पत्ता सांगते. मोकळी तार षड्ज धरली तर चौथ्या रेघेवर मिळतो तो पेटीचा गंधार. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्याच्यापेक्षा उतरता असतो, आणि ३४ इंची स्केलवर तो रेघेच्या साधारण साडेपाच मिलिमीटर मागे, नटच्या बाजूला सापडतो. कानाला हवी ती श्रुती बोटाखाली मिळते, म्हणून तर आपल्या गाण्याला फ्रेटलेस इतका शोभतो. बारकी रेघ असेल तर ‘तिच्यापासून इतकं मागे’ हे अंतर हाताच्या लवकर लक्षात राहतं. रेघा पट्टीच्या रंगाला जवळच्या लाकडाच्या घेतल्या तर समोरच्याला दिसतही नाहीत.

*बाजूचे ठिपके.* हा मुद्दा लेखी द्यायलाच हवा. फ्रेटच्या बेसमध्ये नेकच्या कडेचे ठिपके दोन फ्रेटच्या मध्ये असतात, कारण बोट तिथे ठेवायचं असतं. फ्रेटलेसमध्ये ते नेमके फ्रेटच्या जागी हवेत. सवयीने हात चालणारा कारागीर ते मध्ये पाडून ठेवतो, आणि मग प्रत्येक वेळी डोळा एक सांगतो नि कान दुसरं. बाराव्या जागेजवळ बोट एक मिलिमीटर सरकलं तर सूर सुमारे चार सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) बदलतो, यावरून ठिपका किती काटेकोर हवा ते लक्षात येईल. अंधारात चमकणारे ठिपके मिळत असतील तर जरूर घ्या.

*नट.* फ्रेटलेसमध्ये नटच्या खाचा खूप खोल हव्यात. मोकळी तार पहिल्या जागेजवळ पट्टीवरून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच वर असावी. नट उंच राहिला की खालच्या जागांवर तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. तारांची जाडी ठरल्याशिवाय खाचा नीट कापता येत नाहीत, म्हणून तारा आधी ठरवा: चार तारांसाठी ४५ ते १०५ (इंचाच्या हजाराव्या भागांत), बी तार १२५ किंवा १३०.

नेक, बॉडी, वजन

नेक ताठ असणं हे फ्रेटलेसमध्ये निम्मं काम आहे. मेपलच्या तीन किंवा पाच पट्ट्या चिकटवून केलेला, उभ्या रेषांचा नेक मागा. दोन्ही बाजूंना फिरणारा ट्रस रॉड (नेकची वाक कमी-जास्त करणारी आतली धातूची सळई) हवाच. शेजारी कार्बन फायबरच्या दोन सळ्या घातल्या तर आपल्या हवामानात फार उपयोग होतो. मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि विदर्भातला उन्हाळा लाकूड सुकवून काढतो. नागपूरचा वादक रवींद्र नाट्य मंदिरात कार्यक्रमाला आला की त्याचा नेक ते ओळखतो.

बॉडीसाठी महोगनी, अल्डर, अ‍ॅश, तून, काहीही चांगलं हलकं लाकूड चालतं. सागवान दिसायला देखणं आणि टिकाऊ, पण जड. पूर्ण वाद्याचं वजन चार किलोच्या आसपास ठेवा. दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमात खांदा हे वजन मोजतो. पट्ट्याचा वरचा खिळा बाराव्या जागेच्या समोर येईल इतकं वरचं शिंग लांब असावं आणि खुंट्या हलक्या असाव्यात, म्हणजे नेक खाली झुकत नाही. नक्षीदार लाकडाच्या वरच्या थराला मी खर्चाच्या यादीत शेवटचं स्थान देईन.

इलेक्ट्रॉनिक्स

दोन जॅझ पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी भाग), त्यातला एक ब्रिजच्या जवळ, आणि साधं सर्किट, इतकं बहुतेकांना पुरतं. ब्रिजजवळच्या पिकअपवर बोट टेकवून वाजवलं की सूर धारदार आणि गाता येतो. डबल बेसच्या जवळचा, लाकडी आवाज हवा असेल तर ब्रिजमध्ये पिएझो (कंपनाचा दाब टिपणारा पिकअप) आणि त्याच्यासाठी प्रीअ‍ॅम्प (संकेत वाढवणारं छोटं सर्किट) घ्या. खोबणीला आतून तांब्याचा पत्रा लावून घ्या. मांडवातल्या दिव्यांच्या आणि जनरेटरच्या गुणगुणीत याची किंमत कळते.

ऑर्डरचा कागद

बोलणं कितीही छान झालं तरी सगळं कागदावर येऊ द्या. भाषा अशी हवी:

‘स्केल ३४ इंच, पाच तारा. फिंगरबोर्ड एबनी, जाडी ७ मिमी, गोलाई १६ इंच, वर थर नाही. रेघा शिसवीच्या. कडेचे ठिपके रेघेच्याच जागी, दोन रेघांच्या मध्ये नाहीत. तारा फ्लॅटवाउंड ४५ ते १३०, नट याच तारांसाठी कापायचा. बाराव्या जागेवर तारांची उंची जी तारेला दीड, बी तारेला सव्वादोन मिमी. एकूण वजन ४.३ किलोच्या आत. पॉलिशआधी तारा चढवून वादकाला दाखवायचं.’

पैसे तीन हप्त्यांत द्या: ऑर्डर देताना, नेक घडून झाल्यावर आणि वाद्य हातात घेताना. शेवटचा हप्ता नाममात्र नसावा. जीएसटी धरून आकडा विचारा. कारागिराने सांगितलेल्या तारखेच्या आधारावर कुठलाही कार्यक्रम घेऊ नका. लाकूड मुरतं, चिकटतं, थांबतं, आणि या कामात घाई केल्याची शिक्षा वाद्यालाच होते. मध्ये काही बदललंच तर फोनवर बोलून सोडू नका, दोन ओळी लिहून पाठवा.

घडत असताना

तीन वेळा जाऊन या, जमत नसेल तर फोटो मागवा. पहिल्यांदा लाकूड निवडताना. दुसऱ्यांदा नेकचा मागचा भाग तासताना: खुर्चीवर बसून, हातात धरून, डोळे मिटून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवा. ‘इथे किंचित अजून’ हे त्याच वेळी सांगता येतं, पॉलिश झाल्यावर नाही. तिसरी भेट सर्वांत महत्त्वाची, पॉलिश न झालेल्या कोऱ्या लाकडावर तारा चढवून वाजवण्याची. नेकवर ताण आल्यावर पट्टी कशी वागते हे तेव्हाच दिसतं, आणि ती आठ-पंधरा दिवस ताणाखाली ठेवून मग शेवटची घासली तर काम पक्कं होतं. याला वेळ लागेल असं कारागीर म्हणाला, तर आनंदाने थांबा.

हातात घेताना

रंगरूप घरी गेल्यावर बघता येईल. कार्यशाळेत आधी हे तपासा.

स्टीलची सरळ पट्टी फिंगरबोर्डवर उभी ठेवा आणि मागून उजेड बघा. नेकमध्ये पुढच्या बाजूने अगदी अंशाची खोलगट वाक हवी, सातव्या जागेजवळ ०.१ ते ०.२५ मिलिमीटर. कुठे उंचवटा दिसला तर तिथेच थांबा.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक अर्धा स्वर सावकाश वाजवा, नटपासून पट्टीच्या टोकापर्यंत. आवाज अचानक खरखरला किंवा दबला तर ती जागा खडूने टिपा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या जागेच्या पट्ट्यात सूर लवकर विझतो का, हे मुद्दाम ऐका. डेड स्पॉट बहुधा तिथे सापडतो. थोडासा असेल तर चालवून घ्यावं लागतं, सूर तुटत असेल तर बोलावं.

बाराव्या जागेवर आधी हार्मोनिक (तार न दाबता, बोट हलकं टेकवून काढलेला सूर) वाजवा, मग बोट बरोबर रेघेवर दाबून सूर वाजवा. दोन्ही जुळले पाहिजेत, नाहीतर ब्रिजचं सॅडल (तार ज्यावर टेकते तो तुकडा) सरकवायचं आहे. त्यानंतर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा, षड्ज-पंचम धरा आणि एकाच तारेवर षड्जापासून पंचमापर्यंत लांब मींड घ्या. पट्टी खरोखर सपाट असेल तर मींडेत कुठेही गाठ लागत नाही. दुसरी कुठलीही चाचणी करायला वेळ नसेल तर एवढी एक करा.

शेवटी पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. नेक आहे तिथे राहिला पाहिजे. ट्रस रॉडची चावी आणि बॅटरीचं झाकण उघडायची सोय दाखवून घ्या.

पहिलं वर्ष

नवं लाकूड पहिल्या वर्षात हलतं. पावसाळा लागताना आणि हिवाळ्यात हवा कोरडी पडताना नेकची वाक बदलते. तारांची उंची वेगळी लागायला लागली की ट्रस रॉड पाव आट्यापेक्षा जास्त न फिरवता एक दिवस थांबा. केसमध्ये आर्द्रता सांभाळणारी पाकिटं ठेवा, ४५ ते ५५ टक्के हे चांगलं. उघड्या शिसवी किंवा एबनीला वर्षातून दोनदा लिंबाच्या नावाने विकतात तसं खनिज तेल थेंबभर पुरतं, जास्त नको. आणि एक अट ऑर्डरच्या कागदावर आधीच घालून ठेवा: पहिला पावसाळा संपल्यावर पट्टी पुन्हा तपासून, गरज पडली तर घासून, सेटअप करून देण्याचं काम ठरलेल्या किमतीत धरलेलं आहे. चांगला कारागीर याला लगेच हो म्हणतो, कारण ऑक्टोबरमध्ये ते वाद्य त्यालाही पुन्हा बघायचं असतं.